१५ आणि २२ एप्रिल : सीमाभागाच्या आवृत्तीतून दोन तारखा कशा गळतात

एप्रिल २०१७ मध्ये एका आठवड्याच्या अंतराने बेळगाव जिल्ह्याला दोन धक्के बसले. शनिवारी १५ तारखेला मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण समुद्रात बुडून गेले. पुढच्याच शनिवारी, २२ तारखेला, अथणी तालुक्यातल्या झुंजरवाड येथे सहा वर्षांची मुलगी शेतातल्या उघड्या बोअरवेलमध्ये पडली. शेजारी समांतर खड्डा खणला गेला, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे पथक आले, वाहिन्यांच्या गाड्या रात्रंदिवस शेतात उभ्या राहिल्या. सोमवारी २४ तारखेच्या रात्री उशिरा मृतदेह वर आला.

त्याच महिन्यात सीमाभागाची आणखी एक तारीख येते, ६ एप्रिल. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून १४ मार्च १९८१ रोजी शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. चोविसाव्या दिवशी, ६ एप्रिलला, पोलिसांनी आंदोलन मोडून काढले आणि गोळीबारात बारा शेतकरी गेले. ही तारीख जुनी, तरी दरवर्षी पानावर येते. २०१७ च्या दोन्ही तारखा तुलनेने कालपरवाच्या, त्या वेळी सलग कित्येक दिवस पहिले पान व्यापणाऱ्या, आणि तरी त्यांना पानावर हक्काची जागा नाही. कोणत्या वर्षी कोणत्या अंकात चार ओळी आल्या असतील-नसतील याची मोजदाद इथे मांडलेली नाही. पाहायचे आहे ते जिल्हा आवृत्तीचे रोजचे काम, आणि त्या कामात अशा तारखेला वाट का सापडत नाही ते.

प्रेसनोट असेल तर आठवण

सीमाभागातले ठरलेले स्मरणदिन पाहा. सीमालढ्यातल्या १७ जानेवारी १९५६ च्या हुतात्म्यांना बेळगावच्या हुतात्मा चौकात अभिवादन होते. १ जूनला १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांसाठी हिंडलग्याच्या स्मारकाजवळ लोक जमतात. १ नोव्हेंबरला, सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा, काळा दिन. ६ एप्रिलला निपाणीत आंदोलननगरचे स्मारक. या चारही दिवसांत समान गोष्ट म्हणजे त्यांच्यामागे उभी असलेली संघटना. स्मारक आहे, बैठक होते, आणि बैठकीतून निघालेली प्रेसनोट तीन-चार दिवस आधी बातमीदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते. पुढचे काम आपोआप चालते. बैठकीची बातमी लागते, ‘आजचे कार्यक्रम’ सदरात वेळ-ठिकाण जाते, छायाचित्रकाराची ड्युटी लागते, दुसऱ्या दिवशी तीन कॉलमांचा फोटो आणि खाली उपस्थितांची नावे.

या साखळीत वृत्तपत्राला काहीही आठवावे लागत नाही. आठवण संघटना ठेवते, वृत्तपत्र फक्त कार्यक्रम छापते. वायरीत गेलेल्या आठ जणांची संघटना नाही. झुंजरवाडच्या मुलीच्या नावाने मूक फेरी निघत नाही. त्यामुळे त्या दिवशी कार्यक्रम नाही, कार्यक्रम नाही म्हणून प्रेसनोट नाही, आणि प्रेसनोट नाही म्हणून बातमीदाराच्या त्या दिवसाच्या यादीत ओळच नाही. ‘विसर पडला’ असे म्हणताना पूर्वी कधीतरी लक्षात होते असे गृहीत धरले जाते. जिल्हा आवृत्तीत अशा तारखांची नोंद मुळात कुणाकडे सोपवलेलीच नसते.

निपाणीचे उदाहरण उलट्या बाजूनेही तपासावे. ६ एप्रिलच्या बातमीत अभिवादन कुणी केले ते असते, पुष्पचक्र कुणी वाहिले ते असते. बारा जणांची नावे, त्यांची गावे, तंबाखूच्या भावाचा आजचा हिशेब, वखारीतल्या खरेदीची पद्धत हे त्या तीन कॉलमांत मावत नाही, कारण प्रेसनोटमध्ये ते नसते. म्हणजे कार्यक्रमाच्या जोरावर टिकलेली तारीखही अर्धीच टिकते.

‘तारीख गर्दीची आहे’ ही सबब

डेस्कवर विचारले तर पहिले उत्तर येते की एप्रिलमध्ये जागाच नसते. ते खोटे नाही. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. त्या दिवसाच्या मिरवणुका, व्याख्याने आणि गावोगावचे फोटो १५ च्या अंकात येतात आणि ग्रामीण पाने भरून जातात. बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा पूर्वार्ध. मंडळांच्या बैठका आणि चित्ररथांची तयारी यांची आवक महिनाभर सुरू असते. शिवाय यात्रांचा हंगाम. २२ एप्रिलचे तर नशीबच वेगळे. साल धरून पाहिले की चित्र असे दिसते :

२०१८ : विधानसभा निवडणूक. अर्ज भरण्याची शेवटची तारीख २४ एप्रिल.
२०१९ : बेळगाव आणि चिकोडी लोकसभेचे मतदान २३ एप्रिलला. त्यात २१ तारखेला कोलंबोत स्फोट.
२०२० : लॉकडाऊन.
२०२१ : १७ एप्रिलला बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक, पाठोपाठ कोरोनाची दुसरी लाट.
२०२३ : पुन्हा विधानसभा, माघारीची मुदत २४ एप्रिल. २२ तारखेला अक्षय तृतीया आणि रमजान ईद एकाच दिवशी.
२०२४ : लोकसभा. माघारीचा शेवटचा दिवस नेमका २२ एप्रिल.
२०२५ : पहलगामचा दहशतवादी हल्ला.

यादीत २०२२ नाही, आणि तेच साल सर्वांत बोलके आहे. त्या वर्षी मतदान नव्हते, टाळेबंदी नव्हती. दोन्ही दुर्घटनांना पाच वर्षे पूर्ण होत होती. १५ एप्रिलला गर्दी होती हे मान्य. हिंडलग्यात कामे केलेल्या एका ठेकेदाराच्या मृत्यूचे प्रकरण तापले होते आणि त्याच दिवशी ग्रामविकास मंत्र्यांनी राजीनामा दिला. पण शुक्रवार २२ एप्रिलला तसे काही नव्हते. पाचव्या वर्षाचा मजकूर करायला त्याहून मोकळा दिवस मिळणार नाही.

शिवाय ६ एप्रिलही काही रिकामा दिवस नाही. भाजपचा स्थापना दिन त्याच तारखेला असतो आणि त्याचे कार्यक्रम तालुक्या-तालुक्यात होतात. तरी निपाणी पानावर येते. गर्दीने तारीख मागे ढकलली जाते, दुसऱ्या पानावर जाते, कॉलम कमी होतात, एवढेच. ती पूर्ण गळते तेव्हा कारण जागेचे नसून ती कुणाच्या वहीत नसण्याचे असते.

तारखेला आठवले म्हणजे उशीर झाला

ही अडचण बाहेरच्या वाचकाच्या चटकन ध्यानात येत नाही. कार्यक्रमाची बातमी घडल्यानंतर दुसऱ्या दिवशी येते, त्यामुळे बातमीदाराचा हात त्याच लयीला बसलेला असतो. स्मरणाचा मजकूर मात्र तारखेच्या सकाळी वाचकाच्या हातात पडावा लागतो. म्हणजे तो आदल्या संध्याकाळी पानात लागलेला हवा. अथणी-चिकोडीकडे जाणारी डाक आवृत्ती शहर आवृत्तीच्या आधी सुटते, म्हणून तिच्यासाठी दुपारीच तयार हवा. २२ एप्रिलला सकाळी कुणाला ‘अरे, आज झुंजरवाडला इतकी वर्षे झाली’ असे सुचले तर मजकूर २३ च्या अंकात जाणार. मग वृत्तसंपादक म्हणणार, ‘काल होती ना तारीख? आता राहू दे.’ पोर्टलवर दुपारी चार ओळी आणि जुना फोटो चढतो. बहुतेक आठवणी अशाच मरतात.

दुसरी गफलत ‘दिनविशेष’ सदराची. हे सदर तयार यादीवरून भरले जाते. एकदा यादी मिळाली की वर्षानुवर्षे तीच फिरते. १५ एप्रिलच्या यादीत १९१२ साली टायटॅनिक बुडाल्याची नोंद सापडते. २२ एप्रिलला जागतिक वसुंधरा दिन आणि २४ ला राष्ट्रीय पंचायत राज दिन. उघड्या बोअरवेलवर झाकण बसले की नाही हे पाहण्याची जबाबदारी गावपातळीवर ज्या यंत्रणेकडे येते तिच्याच कौतुकाचा दिवस आणि झुंजरवाडच्या मुलीचा मृतदेह वर आला तो दिवस एकच आहे, हे जोडून दाखवणारी ओळ कुठल्याच तयार यादीत असणार नाही. ती जिल्ह्याच्याच डेस्कला लिहावी लागेल.

तिसरी गोष्ट थोडी विचित्र आहे. वृत्तविभागाकडे जी नोंद नाही तिच्यासारखीच नोंद त्याच इमारतीत जाहिरात विभागाकडे रोज येत असते. सीमाभागातल्या दैनिकांत निधनवार्ता आणि पुण्यस्मरणाच्या जाहिराती हा वाचकांचा पहिला थांबा. प्रथम पुण्यस्मरण, पाचवे पुण्यस्मरण, फोटो, तारीख, शोकाकुल परिवाराची नावे. दुर्घटनेत गेलेल्यांची कुटुंबेही कधीकधी अशी जाहिरात देतात. ती आठवडाभर आधी नोंदवलेली असते, पैसे भरलेले असतात, पानाची जागा ठरलेली असते. वृत्तविभागाला तिचा पत्ता लागतो तो पान लावताना, डमीवर (पानाच्या कच्च्या आराखड्यावर) चौकट दिसते तेव्हा. दोन टेबलांमधली ही दहा पावले कुणी चालत नाही.

हद्दीचा घोळ

वायरी सिंधुदुर्ग जिल्ह्यात. पोलिसांतली नोंद तिकडे, पंचनामा तिकडे, किनाऱ्यावरचा फलक आणि जीवरक्षक हा विषयही तिकडचा. शोक मात्र बेळगावात. सिंधुदुर्गच्या डेस्कला ही ‘बेळगावच्या पर्यटकांची’ दुर्घटना वाटते, बेळगावच्या डेस्कला ‘मालवणची’. पहिल्या दिवशी दोन्ही आवृत्त्या धावतात, कारण ताजी बातमी सर्वांची असते. वर्षानंतर ती कुणाच्याच हद्दीत राहत नाही. २९ जानेवारी २०२५ ला प्रयागराजच्या कुंभमेळ्यातल्या चेंगराचेंगरीत बेळगावचे चौघे गेले, त्या तारखेवरही हीच पाळी येण्याचा धोका आहे. साधा नियम करता येतो : दुर्घटना कुठेही घडो, तारीख मृतांच्या जिल्ह्याच्या आवृत्तीने सांभाळायची आणि घटनास्थळाच्या आवृत्तीकडून पाठपुराव्याचे मुद्दे मागवायचे.

झुंजरवाडचे दुखणे निराळे. ते बेळगाव जिल्ह्यातच आहे, पण अथणी बेळगावपेक्षा मिरजेला जवळ. मराठी दैनिकांचा खप आणि बातमीदारांचे बळ बेळगाव शहर, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जास्त. अथणीचा वार्ताहर बहुधा अर्धवेळ असतो, दुसरा उद्योग सांभाळून बातम्या पाठवणारा, आणि मानधन छापून आलेल्या मजकुरावर. कार्यक्रमाच्या चार बातम्या फोनवर होतात. बोअरवेलच्या पाठपुराव्याला ग्रामपंचायत, तालुका पंचायत आणि शेतशिवार अशा तीन खेपा माराव्या लागतात, आणि छापून येणार एक बातमी. हा हिशेब वार्ताहर चांगला जाणतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. अशा ठरवून दिलेल्या मजकुराला वेगळा दर आणि पेट्रोलचा खर्च दिला नाही तर तो होणार नाही.

संग्रह शोधताना

जुना मजकूर सापडत नाही हेही एक कारण आहे, आणि त्याला तांत्रिक बाजू आहे. अनेक दैनिकांची जुनी पाने युनिकोडमध्ये नाहीत. ती श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये लावलेली असतात, त्यामुळे पीडीएफमध्ये देवनागरीत शोध घेतला तर काहीच हाती लागत नाही. अशा वेळी शब्द न शोधता तारीख शोधावी. झुंजरवाडसाठी २३ ते २७ एप्रिल २०१७ आणि वायरीसाठी १६ ते २० एप्रिल २०१७ चे सर्व अंक, पान १ पासून ग्रामीण पानांपर्यंत, डोळ्यांखालून घालावेत.

युनिकोड मजकुरात शोधायचे असेल तर एकाच गावाची दोन रूपे टाकावी लागतात : झुंजरवाड आणि जुंजरवाड. बोअरवेल, कूपनलिका, विंधन विहीर हे तिन्ही शब्द. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, म्हणून बेळगाव आणि बेळगावी दोन्ही. कन्नड दैनिकांचे अंक पाहणारा एक माणूस सोबत हवाच, कारण अथणी भागातल्या घटनेचा बारीक तपशील तिथे अधिक मिळतो.

शोधताना पहिल्या दिवसाचा आकडा उचलू नये. बुडालेल्यांची, अडकलेल्यांची, वाचवलेल्यांची संख्या पहिल्या चोवीस तासांत बदलत असते. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवसाच्या अंकातला आकडा घ्यावा आणि पोलिसांच्या नोंदीशी ताडून पाहावा. स्मरणाच्या मजकुरात एक आकडा चुकला तर पुढच्या वर्षी तोच चुकीचा आकडा संग्रहातून वर येतो, आणि मग तो खरा होऊन बसतो.

मजकुरात काय असावे : बोअरवेलचे उदाहरण

‘आजही अंगावर शहारे येतात’ छापाचा मजकूर पाच वर्षांत एकदा खपून जाईल, दरवर्षी नाही. वर्षदिनाच्या मजकुराला पाठपुराव्याचा कणा लागतो, आणि झुंजरवाडच्या बाबतीत तो आयता तयार आहे. उघड्या बोअरवेलमध्ये मुले पडण्याच्या घटनांवरून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. म्हणजे झुंजरवाडची दुर्घटना घडली तेव्हा त्या सात वर्षे जुन्या होत्या. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा : बोअर मारण्याआधी जागामालकाने किमान १५ दिवस आधी संबंधित अधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. रिग (बोअर मारण्याचे यंत्र) चालवणारा नोंदणीकृत हवा. खोदाई सुरू असताना मालक आणि रिगवाल्याचे नाव-पत्ता असलेला फलक आणि भोवती काटेरी तारेचे कुंपण. केसिंग पाइपभोवती (भोकात बसवलेल्या संरक्षक नळीभोवती) ०.५० × ०.५० × ०.६० मीटरचा सिमेंट-काँक्रीटचा चौथरा, त्यातला ०.३० मीटर जमिनीवर आणि ०.३० मीटर जमिनीत. पाइपाच्या तोंडावर वेल्डिंग केलेली पोलादी पट्टी किंवा नटबोल्टने आवळलेले भक्कम झाकण. पंप दुरुस्तीला काढला तरी तोंड उघडे ठेवायचे नाही. आणि निकामी बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे घालून बुजवायचे, त्याचा दाखला घ्यायचा.

सूचना इतक्या सोप्या असून का पाळल्या जात नाहीत, हे शेतात उभे राहिले की कळते. आपल्याकडच्या कातळात केसिंग फक्त वरच्या मऊ थरापुरते असते, खाली उघडा खडक. बोअरला पाणी लागले नाही की शेतकरी केसिंग उपसून घेतो, कारण पाइपाला पैसे पडलेले असतात आणि पुढच्या बोअरला तोच उपयोगी येतो. पाइप निघाला की चौथरा, झाकण, नटबोल्ट यांना धरायला काही उरत नाही. जमिनीत साधारण सहा-साडेसहा इंचांचे भोक राहते, त्यावर पोत्याचा तुकडा, एखादा दगड किंवा बाभळीची फांदी. पहिल्या पावसात कडा ढासळून तोंड रुंद होते. गवत वाढले की भोक दिसेनासे होते. लहान मूल त्यात सरळ खाली घसरते, हात वर अडकतात आणि वरून माती पडत राहते. खडक असल्यामुळे शेजारचा खड्डा भराभर खणता येत नाही, आणि यंत्राच्या हादऱ्याने माती आणखी सुटते. बचावाला दोन-दोन दिवस लागतात ते या कारणाने. वर्षदिनाच्या मजकुरात हे दोन परिच्छेद आले, तर तो वाचून एखादा शेतकरी उन्हाळ्यातच आपले बोअर बुजवेल. भरपाईच्या आकड्यापेक्षा याला जागा द्यावी.

पाठपुराव्याचे प्रश्न तीनच ठेवावेत. तालुक्यात किती निकामी बोअरवेलची नोंद आहे? त्यांतल्या किती बुजवल्याचा दाखला आहे? गेल्या वर्षभरात बोअर मारण्यापूर्वी १५ दिवस आधी कळवणारे किती अर्ज आले? तोंडी विचारले तर ‘सर्व बुजवलेत’ हे उत्तर ठरलेले. म्हणून माहिती अधिकारात मागवावे. कर्नाटकाच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये. ग्रामपंचायतीला पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) नावे आणि तालुका पंचायतीला स्वतंत्र, असे दोन अर्ज. उत्तराची मुदत ३० दिवस, अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग झाला तर आणखी पाच. २२ एप्रिलसाठी मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला पाहिजे. उत्तर कन्नडमध्ये येणार, तेव्हा भाषांतराला दोन दिवस धरावेत. उत्तर आलेच नाही तर तीही बातमीच आहे, मात्र पोच सांभाळून ठेवलेली हवी.

वायरीसाठी प्रश्न वेगळे : सहलीला परवानगी कोण देते, पालकांचे संमतीपत्र घेतले जाते का, किती मुलांमागे एक शिक्षक, आणि ठरलेल्या कार्यक्रमात नसलेल्या किनाऱ्यावर बस थांबवायचा निर्णय कुणाचा. शहरातल्या पाच-सहा महाविद्यालयांकडून एवढे मिळाले तरी पुरे. किनाऱ्यावरची स्थिती, म्हणजे फलक आणि सुटीच्या दिवशीचे जीवरक्षक, सिंधुदुर्गच्या बातमीदाराने प्रत्यक्ष पाहून फोटोसह पाठवावी.

कुटुंबाला फोन

इथे सर्वांत जास्त चुका होतात. वर्षदिनाच्या सकाळी, ओळख नसताना, ‘तुम्हाला आज काय वाटते?’ असा फोन करणे बंद व्हायला हवे. दहा-बारा दिवस आधी, शक्यतो गावातल्या ओळखीच्या माणसामार्फत विचारावे. नको म्हणाले तर तिथेच थांबावे आणि तसे वहीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी नवा बातमीदार पुन्हा फोन करणार नाही. घरातले वर्षश्राद्ध तिथीने होते. २०१७ मधल्या दोन्ही तारखा चैत्र वद्य पक्षातल्या. तिथी आणि तारीख क्वचितच जुळतात, फरक दोन-दोन आठवड्यांचाही पडतो. कॅलेंडर पाहून तिथीचा दिवस टाळावा. कुटुंबाने नकार दिला म्हणून मजकूर रद्द करायचे कारण नाही. बोअरवेलचा प्रश्न सार्वजनिक आहे, तो नाव आणि फोटोशिवाय लिहिता येतो. लहान मुलीचा फोटो तर पुन्हा छापूच नये. त्या शेताचा, बुजवलेल्या जागेचा किंवा झाकणाचा फोटो चालतो.

तारीखवही

उपाय खर्चिक नाही. एक वही किंवा सर्वांना उघडता येणारी एक्सेल फाइल, आणि तिचा एक मालक. मालक म्हणजे नावानिशी एक उपसंपादक. ‘डेस्क पाहील’ असे लिहिले की कुणीच पाहत नाही. तो रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला तर वही कुणाकडे जाईल हेही पहिल्या पानावर लिहिलेले हवे. जिल्हा आवृत्त्यांत माणसे दोन-तीन वर्षांत बदलतात, आणि आठवण माणसाच्या डोक्यात असेल तर ती त्याच्यासोबत जाते.

रकाने असे : तारीख, दुसरी तारीख (झुंजरवाडला २२ आणि २४ दोन्ही), साल, गाव-तालुका त्याच्या पर्यायी नावांसह, मृतांची पडताळलेली संख्या, अनुत्तरित प्रश्न, कागद कुठल्या कार्यालयात, कुटुंबाचा होकार-नकार, मागचा मजकूर कोणत्या अंकात आला. अनुत्तरित प्रश्नाचा रकाना रिकामा राहत असेल तर ती तारीख ‘दिनविशेष’मधल्या एका ओळीपुरती ठेवावी.

सगळे अपघात वहीत घेतले तर ती महिन्याभरात बंद पडेल. तीन चाळण्या पुरतात : एकाच घटनेत पाच किंवा अधिक मृत्यू, सार्वजनिक हलगर्जीपणामुळे गेलेले मूल, किंवा शासनाने जाहीर केलेली चौकशी, मदत वा नियम ज्याची तड लागलेली नाही. या चाळणीतून ६ ऑक्टोबर २०२१ ला बडाल अंकलगीत घर कोसळून गेलेले सात जण येतात आणि २६ जून २०२२ ला बळ्ळारी नाल्यात वाहन कोसळून गेलेले सात मजूरही. ऑगस्ट २०१९ च्या पुरासारख्या घटनेला एक तारीख नसते. तिथे गावनिहाय तारीख न शोधता ऑगस्टचा पहिला रविवार ठरवून टाकावा आणि घरांच्या मदतीचा हिशेब घ्यावा.

वही रोज उघडायची नाही. दर सोमवारच्या बैठकीत पुढच्या आठ आठवड्यांच्या नोंदी वाचायच्या. सात आठवडे आधी माहिती अधिकाराचा अर्ज, चार आठवडे आधी वार्ताहराला लेखी काम, दोन आठवडे आधी कुटुंबाशी संपर्क, एक आठवडा आधी मजकूर हातात आणि त्याच दिवशी जाहिरात विभागाकडे पुण्यस्मरणाच्या नोंदी पाहायला एक फेरी. मजकूर ३५० ते ४०० शब्दांचा, सोबत ६० शब्दांची चौकट. त्याहून मोठा केला तर निवडणुकीच्या वर्षी तोच आधी कापला जातो. पहिल्या, पाचव्या, दहाव्या आणि पंचविसाव्या वर्षी पान १ चा अँकर (पानाच्या तळाशी लागणारा ठळक मजकूर) मागावा, अधल्यामधल्या वर्षी ग्रामीण पानावरचा दुकॉलमी पाठपुरावा आणि ‘दिनविशेष’मध्ये एक ओळ. तेवढी ओळ तर वहीवरून एका बैठकीत वर्षभराची भरून ठेवता येते.

२०२७ मध्ये वायरी आणि झुंजरवाड या दोन्हींना दहा वर्षे होतात. १५ आणि २२ एप्रिल हे दोन्ही गुरुवार. १५ ला रामनवमी आहे आणि आदल्या दिवशीच्या आंबेडकर जयंतीच्या बातम्याही त्याच अंकात येणार, तेव्हा वायरीचा मजकूर त्या दिवशी ग्रामीण पानावर सोडला तर तो कापला जाणार हे आताच धरून चालावे. त्याला पान १ चा अँकर १० तारखेपूर्वी डमीवर लिहून घ्यावा, किंवा रविवार ११ एप्रिलच्या अंकात आधीच घ्यावा आणि १५ ला चौकट द्यावी. २२ तारीख यापुढे देशभर पहलगामची म्हणून ओळखली जाणार. झुंजरवाडचा मजकूर तिच्याशी झगडत बसण्याऐवजी शनिवार २४ ला, पंचायत राज दिनाच्या अंकात, तालुक्यातल्या बोअरवेलच्या आकड्यांसह लावणे अधिक सोयीचे. त्यासाठीचे दोन्ही अर्ज ५ मार्चपूर्वी अथणीत दाखल झालेले हवेत.